पखालीला इंजेक्शन

आपल्या ऑफिसातल्या ‘वेलनेस सेशन’चा एक पूर्वज आहे. एल्टन मेयो. एमबीए केलेल्या मित्रमैत्रिणींनी हे नाव पहिल्याच सेमिस्टरला वाचलेलं असतं. ‘ह्यूमन रिलेशन्स’चा जनक, कामगाराकडे यंत्राचा सुटा भाग म्हणून न बघता माणूस म्हणून बघणारा, वगैरे. आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांनाही मॅनेजमेंटच्या पेपरला त्याच्यावर पाच मार्कांची टीप असायची. नोकरीला लागून सहा वर्षं झाल्यावर मी त्याच्याबद्दल नीट वाचलं आणि त्या टिपेत काय काय गाळलं होतं ते कळलं. ते इथे लिहितोय, कारण आज हिंजवडीत जे चाललंय ते समजायला ते उपयोगी आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मेयोने कंपन्यांना कामगाराचं ऐकायला शिकवलं. आणि ऐकून झाल्यावर काही न करायची सोयही त्यानेच करून दिली. यातली दुसरी गोष्ट जास्त टिकली.

मेयोचा जन्म १८८० सालचा, ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडचा. घरच्यांना मुलगा डॉक्टर व्हायला हवा होता. अ‍ॅडलेड, एडिंबरा, लंडन अशा तीन ठिकाणी प्रयत्न होऊनही वैद्यकीचं शिक्षण अर्धवटच सुटलं. पुढे त्याने तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र केलं आणि १९११ पासून ब्रिस्बेनच्या क्वीन्सलंड विद्यापीठात शिकवू लागला. पहिल्या महायुद्धातून परतलेले, तोफांच्या धक्क्याने मनातून कोसळलेले सैनिक त्याने तिथे एका डॉक्टरसोबत हाताळले. त्यांना बोलतं करणं, त्यांचं ऐकणं, ही कला त्याला उत्तम जमत होती. यात शंका घेण्यासारखं काही नाही.

पण तो काळ संपांचाही होता. सैनिकाला लावलेला चष्मा मेयोने कामगारालाही लावला. १९२२ साली त्याने एका ऑस्ट्रेलियन औद्योगिक नियतकालिकात लेखमाला लिहिली. तिच्यात कारखान्यांतली अशांतता आणि मज्जासंस्थेचे आजार यांची सांगड होती, आणि एक अख्खा लेख ‘चळवळ्याचं मन’ या विषयावर होता. संप करणारा माणूस काय मागतोय, मजुरी किती, कामाचे तास किती, हे प्रश्न मागे पडले. त्याच्या मनात कुठली गाठ आहे हा प्रश्न पुढे आला.

त्याच वर्षी मेयो अमेरिकेला गेला. खिशात फारसे पैसे नव्हते, पण अशा कल्पनेला तिथे गिऱ्हाईक होतं. १९१४ च्या एप्रिलमध्ये कोलोरॅडोतल्या लडलो इथे संपावरच्या खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला होऊन बायकामुलांसकट माणसं मेली होती. ती खाण कंपनी रॉकफेलर कुटुंबाच्या ताब्यात होती. देशभर नाचक्की झाली, आणि मालक-कामगार संबंधांत शांतता कशी आणायची या संशोधनात रॉकफेलर पैसे घालू लागले. मेयोचं आधी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातलं आणि १९२६ पासून हार्वर्ड बिझनेस स्कूलमधलं काम बरंचसं याच पैशावर चाललं. म्हणून तो विकला गेलेला माणूस होता असं मी म्हणत नाही. तो जे मनापासून मानत होता, नेमकं तेच पैसेवाल्यांना ऐकायचं होतं, एवढंच.

त्याच्या खात्यावर चांगलं कामही जमा आहे. फिलाडेल्फियातल्या एका कापड गिरणीत सूतकताईच्या एका विभागात माणूस टिकत नव्हता. इतर विभागांत वर्षाला पाच-सहा टक्के लोक सोडून जात. इथे ते प्रमाण सुमारे २५० टक्के होतं, म्हणजे एकेका जागेवर वर्षात दोन-तीन माणसं बदलायची. दिवसभर यंत्राच्या रांगेवरून येरझाऱ्या, पाय सुजलेले, बोलायला कोणी नाही. मेयोने सकाळी दोन आणि दुपारी दोन अशा दहा-दहा मिनिटांच्या सुट्ट्या द्यायला लावल्या. लोक टिकू लागले, उत्पादन वाढलं, आजवर हाती न लागलेला बोनस मिळायला लागला. इथे त्याने कोणाला सकारात्मक विचार करायला शिकवलं नाही. काम बदललं. हा मेयो मला आवडतो. दुर्दैवाने जग ज्या मेयोला ओळखतं तो हा नव्हे.

जग ओळखतं ते हॉथॉर्नच्या मेयोला. शिकागोजवळ सिसेरो गावात वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हा अवाढव्य कारखाना टेलिफोनची यंत्रसामग्री बनवायचा. १९२४ ते १९२७ या काळात तिथे प्रकाश कमीजास्त करून उत्पादनावर काय परिणाम होतो ते पाहिलं गेलं. मग एप्रिल १९२७ मध्ये रिले जोडणाऱ्या पाच मुली आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी सहावी, अशा सहा जणींना वेगळ्या खोलीत बसवलं. सुट्ट्या दिल्या, काढल्या, तास बदलले. दोनेक वर्षांत उत्पादन जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढलं. मेयो १९२८ मध्ये पहिल्यांदा तिथे गेला आणि या प्रयोगाचा अर्थ जगाला सांगणारा माणूस बनला. पाच मार्कांच्या टिपेतला अर्थ असा: पैसा आणि परिस्थिती यांपेक्षा आपल्याकडे कोणीतरी लक्ष देतंय ही भावना मोठी.

टिपेत काय नसतं? एक, खोलीत आल्यावर या मुलींच्या पगाराची पद्धत बदलली होती. आधी शंभरेक जणींच्या गटाच्या उत्पादनावर पैसे मिळत, आता फक्त त्यांच्या छोट्या गटाच्या उत्पादनावर. म्हणजे जास्त हात चालवले तर पैसे थेट खिशात. दुसऱ्या एका गटात फक्त पगाराची ही पद्धत बदलून पाहिली, तर तेवढ्यानेच उत्पादन सुमारे १२ टक्क्यांनी वाढलं. दोन, जानेवारी १९२८ मध्ये मूळच्या दोन मुलींना फार बोलतात, सहकार्य करत नाहीत म्हणून काढून जास्त चपळ हातांच्या दोघींना आणलं. त्यातल्या एकीची आई थोड्याच दिवसांत वारली आणि घराचा भार तिच्यावर आला. तिचा वेग खोलीतल्या सगळ्यांत जास्त होता. तिला लक्ष हवं होतं की पगार, हे कळायला हार्वर्डला जावं लागत नाही.

काढलेल्या दोघींपैकी एकीबद्दल ती ‘बोल्शेविक’ बनल्याचा शेरा होता. तिचं रक्त तपासलं तेव्हा रक्तक्षय निघाला, आणि मेयोने तिच्या वागण्याचा संबंध त्याच्याशी जोडला. तक्रार करणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन मोजलं गेलं. तिच्या तक्रारीचं माप कोणी काढलं नाही.

१९६७ साली अ‍ॅलेक्स कॅरी या ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञाने हे सगळे धागे उसवून दाखवले. प्रकाशाच्या प्रयोगांची मूळ आकडेवारी सापडल्यावर २०११ साली स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी ती तपासली, तर पाठ्यपुस्तकातला चमत्कार तिच्यात नव्हता. टीप मात्र अजून तीच आहे.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो त्यानंतरचा भाग. १९२८ ते १९३० मध्ये हॉथॉर्नच्या २१ हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती झाल्या. मधे बोलायचं नाही, वाद घालायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं. तक्रारीत वर दिसतो तो अर्थ वेगळा आणि आत दडलेला वेगळा, असं सूत्र यातून निघालं. मेयोचा सहकारी रॉथलिसबर्गर आणि कंपनीचा अधिकारी डिक्सन यांच्या १९३९ च्या जाडजूड पुस्तकात याचं एक उदाहरण आहे. एक कामगार म्हणतो, माझ्या कामाचा दर फार कमी आहे. मुलाखतीत कळतं की बायको हॉस्पिटलात आहे आणि डॉक्टरच्या बिलांची चिंता आहे. म्हणून खरी तक्रार दराची नव्हेच, ती घरच्या अडचणीची!

हे उदाहरण मी दोनतीनदा वाचलं. बायको आजारी आहे, मिळणाऱ्या पैशात बिलं भागत नाहीत, म्हणून माणूस म्हणतोय पैसे कमी पडतात. यात दडलेलं काय आहे? वरचा अर्थ आणि आतला अर्थ एकच आहे. पण एकदा ‘खरी’ तक्रार घरची ठरली की दर वाढवायचा प्रश्नच उरत नाही. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण आपल्याकडे आहेच. तिकडे त्याचं शास्त्र झालं.

१९३६ पासून हॉथॉर्नला पगारी समुपदेशक नेमले गेले. कामगारांत फिरायचं, मन मोकळं करू द्यायचं. कामाच्या परिस्थितीत बदल करायचा अधिकार त्यांना नव्हता आणि ऐकलेलं वर नेऊन सोडवणं हे त्यांचं काम नव्हतं. वीस वर्षं हे चाललं. मधल्या काळात, मंदीत, याच कारखान्यातली ४० हजारांवरची कामगारसंख्या १० हजारांच्या खाली आली होती. १९३१-३२ मध्ये वायरिंग करणाऱ्या १४ पुरुषांच्या गटाचं निरीक्षण झालं तेव्हा दिसलं की ते ठरवून ठरावीकच काम करतात आणि जास्त वेगाने करणाऱ्याच्या दंडावर गुद्दा मारतात. कारण विचारलं तर सांगत, जास्त केलं की दर कमी होईल, नाहीतर कोणाची तरी नोकरी जाईल. अभ्यासकांनी याला गटाच्या भावना म्हटलं. बाहेर हजारो लोक घरी पाठवले जात होते. ज्याने एका स्प्रिंटमध्ये जास्त पॉइंट उरकले आणि पुढच्या स्प्रिंटला तोच आकडा ‘बेसलाइन’ म्हणून अंगावर घेतला, त्याला विचारा यात भावना किती आणि हिशेब किती.

आता आपल्याकडे. नाव घेत नाही, पण मी ज्या कंपनीत होतो तिथे ऑन-कॉलला तीन जण होतो. कपातीत एक गेला, उरलो दोघं. म्हणजे आठवड्याआड फोन उशाशी, रात्री अडीचला अलर्ट, सकाळी दहाला स्टँडअप. आम्ही लेखी मागितलं: तिसरा माणूस द्या, नाहीतर रात्रीच्या अलर्टनंतर अर्धा दिवस सुट्टी द्या. उत्तरादाखल कॅलेंडरवर आमंत्रण आलं, ‘रेझिलियन्स’वर दीड तासाचं सेशन, कॅमेरा चालू ठेवणं सक्तीचं. ताईंनी दीर्घ श्वास घ्यायला शिकवलं. चांगलं शिकवलं. नंतरच्या सर्व्हेत प्रश्न होता, तुम्हाला तणाव हाताळायला आता किती सक्षम वाटतं, एक ते पाच. तणाव कशामुळे आहे, हा प्रश्नच नव्हता. माझा जोडीदार तीन महिन्यांनी नोकरी सोडून सोलापूरला घरी गेला. एक्झिट फॉर्ममध्ये कारणाच्या यादीतून त्याला ‘वैयक्तिक’ निवडावं लागलं, कारण ‘तिसरा माणूस दिला नाही’ असा पर्याय नव्हता.

सर्व्हर पडला की आम्ही पोस्टमॉर्टेम लिहितो. लोड किती होता, क्षमता किती होती, अलर्ट का उशिरा आला. सर्व्हर मनाने कमकुवत होता असं लिहिलं तर रिव्ह्यूमध्ये कोणी पास करणार नाही. माणसाच्या बाबतीत हेच लिहून पास होतं.

२०२३ मध्ये नारायण मूर्तींनी आठवड्याला ७० तासांचं आवाहन केलं, २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी ९० तासांची इच्छा बोलून दाखवली. आपण मीम्स केले, चिडलो. पण निदान त्यांनी आकडा सांगितला, आणि आकड्याशी भांडता येतं. ‘तुला कसं वाटतंय?’ असं मऊ आवाजात विचारणाऱ्याशी भांडायचं कसं? तो तर आपल्या बाजूचा वाटतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला: समुपदेशन वाईट आहे का? अजिबात नाही. मी स्वतः बाहेर, माझ्या पैशाने, एका मानसोपचारतज्ज्ञांकडे जात होतो. त्यांनी पहिल्या भेटीत मला वहीत दोन रकाने करायला लावले, यातलं तुझ्या हातात काय आणि कंपनीच्या हातात काय. दुसरा रकाना भरतो त्या मानसशास्त्रावर माझा राग नाही. तो रकाना फाडून टाकतं त्याच्यावर आहे. दुसरा: काहींची अडचण खरंच घरची असते ना? असते. पण २१ हजार लोकांच्या अडचणी एकाच छपराखाली सापडल्या, तर एकदा छपराकडेही बघायला हरकत नसावी.

याच विद्याशाखेत वेगळी वाटही आहे. क्रिस्टिना मास्लाक यांनी सुझन जॅक्सन यांच्याबरोबर १९८१ मध्ये बर्नआउट मोजायची प्रश्नावली दिली. पुढे त्या सांगत राहिल्या की कामाचा बोजा, कामावरचं नियंत्रण, मोबदला, सहकारी, न्याय आणि मूल्यं या सहा ठिकाणी बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तीही कामाच्या ठिकाणच्या दीर्घ तणावाशी बांधूनच. म्हणजे प्रश्न विचारायची साधनं आहेत. विचारायची इच्छा नाही.

तेव्हा पुढच्या वेळी सेशनचं आमंत्रण आलं तर जा, श्वासही घ्या, तो फुकट आहे. फक्त शेवटी प्रश्नोत्तरं असतात तेव्हा माइक चालू करून तीन गोष्टी विचारा. आम्ही जे सांगतो ते कोणाकडे जातं? त्यातलं मागच्या वर्षी काय बदललं? सर्व्हेचे निकाल आम्हाला कधी दाखवणार? एकट्याने विचारलं तर तुमचं हिमोग्लोबिन तपासतील. म्हणून आधी टीमशी बोलून घ्या आणि चारपाच जणांनी मिळून विचारा.