कोरा रकाना आणि 'निरंक'

जानेवारी २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध आला. मायकेल पार्क हा मिनेसोटा विद्यापीठातला पीएचडीचा विद्यार्थी आणि त्याचे दोन ज्येष्ठ सहकारी यांनी साडेचार कोटी शोधनिबंध नि ३९ लाख पेटंटे संगणकावर तपासली. कसोटी साधी. एखाद्या कामाचा संदर्भ देणारे पुढचे लोक त्याच्या आधीच्या कामांचाही संदर्भ देतात का? देत नसतील, तर त्या कामाने जुनी वाट मोडली. सरासरीने पाहता कामांचे असे वाट मोडणे दशकागणिक कमी होत गेले, हा निष्कर्ष.

२०२४ मध्ये दुसऱ्यांनी हरकत घेतली : कित्येक नोंदींत संदर्भयादीच नाही, आणि सूत्र अशांना सर्वांत क्रांतिकारक ठरवते! पार्क आणि मंडळींनी २०२५ मध्ये उत्तर दिले, की हे धरूनही घट उरतेच.

उरत असेलही. पण आम्हा कारकुनांना विचाराल तर, कोरा रकाना म्हणजे 'निरंक' नव्हे. निरंक लिहायलासुद्धा कुणीतरी आधी बघावे लागते. साडेचार कोटी निबंध माणूस वाचू शकत नाही, म्हणून यंत्र हवेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र अशा आकड्यांवरून संशोधनाचे अनुदान कापायला निघालेल्यांनी आधी रजिस्टर उघडून दाखवावे.