डावीकडे जाऊ...

वॉकीटॉकीच्या खोक्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं असतं, 'रेंज १० किमी'. आमच्याही खोक्यावर होतं. आणली त्याच शनिवारी संध्याकाळी एक सेट घेऊन मी स्वारगेट एसटी स्टँडच्या दारात उभा राहिलो आणि दुसरा देऊन मित्राला सारसबागेच्या दिशेने चालायला लावलं. मधे जेधे चौकाचा उड्डाणपूल, बसेस, इमारती, आणि रिक्षावाल्यांचे 'कात्रज, कात्रज' असे पुकारे. तो बागेपाशी पोचेपर्यंत त्याच्या आवाजाची नुसती खरखर झाली. अंतर फार तर आठशे-नऊशे मीटर. "पैसे गेले रे," मी म्हटलं. तेही त्याला ऐकू गेलं नाही.

पुढच्या रविवारी तो सिंहगडावर जाणार होता, तर सेट घेऊन गेला. मी सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून वर जाऊन बसलो. हवा स्वच्छ होती, सिंहगडावरचा दूरदर्शनचा टॉवर नीट दिसत होता. ठरलेल्या वेळी बटण दाबलं आणि शेजारी बसून बोलावं तसा त्याचा आवाज आला. "भजी खातोय." सरळ रेषेत हे अंतर सतरा किलोमीटरच्या आसपास भरतं. तोच सेट, त्याच बॅटऱ्या.

म्हणजे खोक्यावरचा दहाचा आकडा अगदी खोटा नाही, पण त्याचा आपल्याला उपयोगही नाही. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. सपाट मैदानात दोन माणसं सेट छातीच्या उंचीवर धरून उभी असली, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे मर्यादा साधारण दहा किलोमीटरवरच येते. (तो आकडा छापणाऱ्याने बहुधा समुद्रावरची दोन माणसं डोळ्यासमोर धरली असावीत.) मधे डोंगर किंवा काँक्रीट आलं की गणित संपलं. म्हणून 'रेंज किती?' या प्रश्नाला माझं एकच उत्तर असतं. समोरचा जिथे उभा आहे ती जागा दिसतेय का? दिसत असेल तर बोलता येईल. नसेल तर दहा पावलं वर चढा, सेट कमरेच्या पिशवीतून काढून तोंडासमोर उभा धरा, मग बघा.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं, मग जास्त वॅटचा घे ना. पाच वॅटचे चिनी सेट वर्षानुवर्षं ऑनलाइन दीड-दोन हजारात मिळत आले आहेत. आपल्याकडे बिनापरवाना चालणाऱ्या छोट्या सेटची मर्यादा अर्धा वॅट आहे, म्हणजे हे दसपट ताकदीचे. पण मोकळ्या हवेत दसपट ताकदीने अंतर वाढतं जेमतेम तिप्पट, आणि डोंगराआड गेल्यावर फार काही वाढत नाही. शिवाय ते कायदेशीर नाहीत. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा अशा कमी ताकदीच्या सेटसाठी परवानामुक्त केला. मेहेरबानी तेवढ्यावरच आहे. दोनशे मेगाहर्ट्झ इकडचं तिकडचं पकडणारा सेट घेऊन डोंगरात फिरणं म्हणजे चुकून पोलिसांच्या नाहीतर रुग्णवाहिकेच्या वाहिनीवर 'अरे डबा कोणाकडे आहे' असं विचारण्याची सोय.

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे सेट विकल्याबद्दल १३ ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि त्याच महिन्यात मार्गदर्शक सूचनाही आणल्या. सेट कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि त्याला सरकारी मान्यता, म्हणजे ईटीए, आहे की नाही हे विकणाऱ्याने सांगायला हवं. विकत घेताना मी आधी हेच दोन विचारतो. दुकानदार 'साहेब, सगळे हेच नेतात' म्हणाला की नमस्कार करून बाहेर. जास्त ताकद खरंच हवी असेल तर हॅमची परीक्षा द्या, छान छंद आहे. पण मग ट्रेकमधल्या सगळ्यांनीच ती द्यायला हवी, कारण परवाना माणसाला असतो, ग्रुपला नाही.

बाकी खरेदीबद्दल थोडक्यात. साध्या पेन्सिल सेलवर चालणारा सेट मला आवडतो, कारण ते सेल पायथ्याच्या गावातल्या किराणा दुकानातही मिळतात. पाणी आत जाऊ नये, नाहीतर सह्याद्रीतल्या पावसात एका ट्रेकमध्येच निकाल लागतो. आणि 'प्रायव्हसी कोड' या शब्दावर भुलू नका. त्याने फक्त दुसऱ्यांचा आवाज आपल्याला येत नाही, आपलं बोलणं मात्र सगळ्यांना जातं. आमच्या मॅनेजरविषयी मी राजगडावर मांडलेले विचार चिंचवडच्या एका अनोळखी ग्रुपने आवडीने ऐकले होते. :-)

असो. हे सगळं यंत्राविषयी झालं. खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती सांगायला मला थोडी लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये आम्ही हापिसातले सात जण राजगड-तोरणा करायला निघालो. स्वारगेटहून सकाळची वेल्ह्याची एसटी, मार्गासनीला उतरून जीपने गुंजवणे, चोर दरवाज्याने राजगड. रात्री पद्मावती माचीवर मुक्काम. सकाळी संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने उतरलो आणि तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणाऱ्या डोंगरधारेला लागलो. धुकं इतकं की पुढच्याची पाठपिशवी दिसायची, पुढचा दिसायचा नाही. एक सेट माझ्याकडे, मी पुढे. दुसरा सगळ्यात शेवटी चालणाऱ्या एका ज्युनियरकडे, त्याच्यासोबत अजून एक जण. वय वर्षं तेवीस, तिसराच ट्रेक.

एके ठिकाणी वाटेला फाटा होता. डावीकडची वाट दिसायला चांगली रुळलेली, पण ती खाली कारवीच्या रानात उतरते. मी बटण दाबलं आणि म्हणालो, "फाट्यावर डावीकडे जाऊ नका."

नीट बोललो होतो. फक्त पुढचा दगड चढायचा होता, म्हणून शेवटचा शब्द तोंडातून निघता निघता अंगठा उचलला. त्याला ऐकू आलं, "फाट्यावर डावीकडे जाऊ..."

गेले दोघं डावीकडे. वीस मिनिटांनी मी हाक मारली तर खरखरही नाही, कारण आता मधे अख्खी धार होती. मोबाइलला सिग्नल नव्हता. बाकीच्यांना जागेवर बसवून मी आणि एक जण मागे आलो, फाट्यापासून खाली उतरत, थांबत, बटण दाबत. मधल्या एका घळीपाशी वाट संपून सरळ खाली तुटलेलं होतं. तिथे धुक्यात उभं राहून, दोघांपैकी कोणाचा पाय इथे पडला असेल का, हा विचार मी केला आहे. त्याच्या आईने आदल्या दिवशी स्वारगेटला मला सांगितलं होतं, "दादा, लक्ष ठेवा हं, तो कोणाचंही ऐकतो."

पावणेदोन तासांनी त्याचा आवाज आला. दोघंही ठीक होते, एकाचा घोटा मुरगळला होता. तोरणा सोडून दिला. लंगडणाऱ्याला धरून धार जिथे डांबरी रस्त्याला भेटते त्या खिंडीपर्यंत आलो आणि एका टेम्पोने वेल्ह्याला.

परत येताना एसटीत माझ्या डोक्यात एकच फिरत होतं. इंग्रजी बोलताना नकार वाक्यात आधीच येऊन जातो. आपल्या मराठीत तो शेपटीला बसतो. जाऊ नका, उतरू नको, येत नाही, पाणी प्यायचं नाही. आणि वॉकीटॉकीवर सगळ्यात आधी कापली जाते ती शेपूट, कारण बोलणारा घाईत अंगठा उचलतो. म्हणजे आपल्या भाषेत अर्धवट पोचलेला निरोप नुसता अर्धवट राहत नाही, बरोबर उलटा होतो. इंग्रजी पुस्तिकांमध्ये ही सूचना मिळणार नाही, कारण त्यांना ती अडचण इतकी येत नाही.

तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये वॉकीटॉकीवर नकारार्थी वाक्याला बंदी आहे. काय करायचं तेवढंच सांगायचं. 'उजवीकडे या.' 'थांबा.' अगदीच लागला तर नकार आधी, "नको, नको, डावीकडे नको." व्याकरण गेलं खड्ड्यात. आकडे सुटे, कारण एकोणसाठ आणि एकोणसत्तर खरखरीत एकच ऐकू येतात. पाच नऊ, सहा नऊ म्हणायचं. बटण दाबून एक सेकंद गप्प, मग बोलणं, मग पुन्हा एक सेकंद गप्प, आणि मगच अंगठा उचलायचा. ऐकणाऱ्याने निरोप आपल्या शब्दात परत म्हणायचा. नुसतं 'रोजर' चालणार नाही, कारण त्याचा अर्थ 'मिळालं' एवढाच आहे, 'समजलं ते बरोबर' असा नाही. (आणि 'ओव्हर अँड आउट' फक्त सिनेमात. ओव्हर म्हणजे आता तू बोल, आउट म्हणजे माझं संपलं. दोन्ही एकदम म्हणणारा माणूस फोन हातात देऊन कट करतो.)

आमच्या जातीच्या लोकांसाठी सांगायचं तर वॉकीटॉकी म्हणजे शुद्ध यूडीपी. पॅकेट सोडलं, पोचलं की नाही, देव जाणे. पोच पावतीची व्यवस्था वर आपणच लिहायची. आम्ही आयुष्यभर इतरांच्या कोडमध्ये हीच चूक काढत असतो, आणि हातात सेट आल्यावर मी सगळं विसरलो. त्या दिवशी त्याने ऐकलेलं परत म्हटलं असतं तर तीन सेकंदात काम झालं असतं. तशी पद्धत घालून देणं माझं काम होतं, त्याचं नव्हे.

आता बस यायच्या आधी स्वारगेटला दहा मिनिटं सराव होतो. एक जण एसटी स्टँडच्या आत, एक बाहेर रस्त्यावर. हमालकाका बघून हसतात. नव्या माणसाला अवघड निरोप देतो आणि परत म्हणायला लावतो. जो अंगठा लवकर उचलतो त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. आजवर सर्वाधिक चहा मी पाजला आहे.

तो ज्युनियर अजून आमच्याबरोबर येतो. परवा हापिसात कॉलवर त्याला विचारलं, शुक्रवारी रिलीज करूया का? त्याचं नेट नेहमीसारखं गचके खात होतं. तो एक सेकंद थांबला आणि म्हणाला, "नको. नको. शुक्रवारी नको. सोमवारी करा. परत म्हणून दाखवा."