औषधाला न जुमानणारा क्षय कोणी घडविला?

कपाशीच्या या यवतमाळ जिल्ह्यात औषधाला न जुमानणारी कीड म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. दोन विषे अंगी बाळगणारे बोलगार्ड-२ हे बीटी वाण २००६ साली आले. दहा-बारा वर्षांत गुलाबी बोंडअळीने ते पचविले. अळी काही शहाणी झाली नव्हती. ज्या थोड्या अळ्यांना मुळातच विष बाधत नव्हते त्या जगल्या आणि पुढची प्रजा त्यांची झाली. २०१७ च्या हंगामात फवारणी करताना जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा मृतांनीच काळजी घेतली नाही असे म्हणणारेही निघाले.

क्षयरोगाचे असेच झाले आहे, आणि तेथेही दोष रोग्याच्याच माथी मारला जातो. रोग्याने गोळ्या मध्येच सोडल्या म्हणून जंतू निर्ढावला, असे आपले कार्यकर्तेही सहज बोलून जातात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया यांचे संशोधन त्यांनी नीट समजून घ्यावे.

डिसेंबर २०११ मध्ये उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तपासलेल्या एकाही औषधाला त्यांचे जंतू दाद देत नव्हते. त्यांपैकी तिघांनी अठरा महिन्यांत सरासरी चार खाजगी डॉक्टर पालथे घातले होते. डॉक्टरांनी एकेक औषध वाढवीत नेले, मात्राही पुष्कळदा चुकीची दिली. एकटे औषध वाढविणे म्हणजे जंतूला एकेक पायरी चढू देणे होय. आणि एकदा जंतू निर्ढावला की तो हवेतून पसरतो. ज्याने आयुष्यात क्षयाची एक गोळी चुकविली नाही, कारण कधी घेतलीच नव्हती, त्यालाही तो तसाच निर्ढावलेला लाभतो. त्याला बेफिकीर कसे म्हणावे?

याच्या आदल्या वर्षी उदवाडियांनी मुंबईतील १०६ खाजगी डॉक्टरांची पाहणी केली होती. त्यांनी क्षयावर ६३ प्रकारचे उपचार लिहून दिले. बरोबर लिहिणारे सहा निघाले. औषधप्रतिरोधक क्षयाचा योग्य उपचार केवळ तिघांना लिहिता आला. १९९१ च्या अशाच पाहणीत शंभर डॉक्टरांनी ८० प्रकार सांगितले होते! वीस वर्षांतील प्रगती ती एवढी. हे डॉक्टर दुष्ट होते असे मी म्हणणार नाही. चार दिवसांत गुण आला नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या दवाखान्यात जाणार, आणि पदवीनंतरचा गुरू म्हणजे औषधकंपनीचा प्रतिनिधी, अशा बाजारात याहून निराळे काय पिकणार?

शासनाने काय केले? 'पूर्णतः औषधप्रतिरोधक' ही संज्ञा जागतिक आरोग्य संघटनेला मान्य नाही, असा वाद आरोग्य मंत्रालयाने घातला. संज्ञेपुरते ते खरेही होते. रोग्यांना त्याचा उपयोग नव्हता. मे २०१२ मध्ये क्षयरुग्णांची नोंद सक्तीची झाली, हे मात्र मान्य केले पाहिजे. परंतु सरकारी कार्यक्रमातील औषध आठवड्यातून तीनच दिवस दिले जात राहिले. रोजच्या रोज ते मिळावे यासाठी जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला.

नव्या औषधाची कथा आणखी बोलकी आहे. सुमारे चाळीस वर्षांनी आलेले नव्या प्रकारचे औषध, बेडाक्विलीन, अमेरिकेत २०१२ साली मान्य झाले. भारतात ते २०१६ मध्ये मोजक्या केंद्रांत उघडले. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते, म्हणून तिने त्याच औषधाच्या क्षारावर दुसरे पेटंट मागून मक्तेदारी आणखी चार वर्षे लांबविण्याचा घाट घातला. त्याला २०१९ मध्ये हरकत घेतली ती मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या क्षयातून वाचलेल्या दोन तरुणींनी. जुन्या उपचारातील इंजेक्शनांनी दोघींची श्रवणशक्ती हिरावली होती. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला.

पण स्वस्त झालेले औषध उपकेंद्रापर्यंत पोचले पाहिजे. मार्च २०२४ मध्ये क्षयाच्या औषधांचा तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना स्थानिक खरेदी करून वेळ मारून नेण्यास कळविले. मजुराने सलग महिनाभर गोळ्या चुकविल्या तर कागदावर तो उपचार सोडणारा ठरतो. शासनाने चुकविल्या तर त्याला नाव नाही. पोषणासाठी महिना ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. रोजगार हमीच्या दराने ही चार दिवसांचीही मजुरी नव्हे, आणि कापूस वेचणाऱ्या बाईला अंगात ताप असतानाही शेत सोडवत नाही ते याच हिशेबामुळे.

पांढरकवडा, झरी जामणी, मारेगाव येथील कार्यकर्त्यांनी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात किती दिवसांचा औषधसाठा आहे आणि औषधप्रतिरोधाच्या तपासणीचा निकाल किती दिवसांनी हाती येतो, ही माहिती दरमहा जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांकडून लेखी मागावी. आणि साठा संपल्यामुळे चुकलेला प्रत्येक दिवस रुग्णाच्या कार्डावर तसाच नोंदविण्याचा आग्रह धरावा.