दूरचे पाठ व जवळचा शिक्षक

मुलास शहरी ठेवल्यावाचून महाविद्यालयीन शिक्षण मिळत नाही, आणि ठेवावे तर कर्ज काढण्याची पाळी येते, हा आमच्या शेतकरी बंधूंचा नित्याचा अनुभव आहे. म्हणून नामांकित विद्यापीठांचे पाठ घरबसल्या मोबाईलवर, व पुष्कळदा फुकट, मिळतात ह्या वार्तेने त्यांस हर्ष व्हावा हे साहजिकच आहे. परंतु महसुली कागदपत्रांत आमचे आयुष्य गेले असल्यामुळे पेरा किती झाला एवढ्यावरून पिकाचा अंदाज बांधणे आम्हांस मान्य नाही.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०११ साली कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग सर्वांस खुला केला, तेव्हा सुमारे १,६०,००० लोकांनी नावे नोंदविली. २०१२ साली एमआयटी ह्या प्रख्यात संस्थेच्या विद्युत्‌विषयक पहिल्या खुल्या वर्गात सुमारे १,५५,००० जण दाखल झाले. त्यांपैकी प्रमाणपत्र मिळविले ७,१५७ जणांनी. जुन्या आणेवारीने हे पीक सोळा आण्यांत एक आणाही भरत नाही. नाव घालण्यास पैसा पडत नसला म्हणजे हौशे-नवशेही येतात, हे खरे. तथापि जे खरोखर शिकावयास आले, त्यांतील कोण तरले हे पाहणे अगत्याचे आहे.

त्याच वर्गात मंगोलियाची राजधानी उलानबातर येथील पंधरा वर्षांच्या एका मुलाने पूर्ण गुण मिळविले. ह्या गोष्टीचा फार गवगवा झाला. परंतु त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीचे पदवीधर होते, व प्रयोग शिकविण्यास स्टॅनफर्डचा एक संशोधक विद्यार्थी साहित्यासह तेथे येऊन राहिला होता, हे थोड्यांच्याच ध्यानी आले. उलटपक्षी कॅलिफोर्नियातील सॅन होजे विद्यापीठाने २०१३ साली युडॅसिटी ह्या कंपनीच्या साहाय्याने गणिताचे असेच वर्ग चालविले. प्रारंभीच्या वर्गांत उत्तीर्णांचे प्रमाण नेहमीच्या वर्गांहून पुष्कळ कमी पडले, व त्याच वर्षी तो उपक्रम स्थगित करावा लागला.

इंग्रजी आद्याक्षरांवरून ह्या वर्गांस ‘मूक’ म्हणतात. अडलेल्या विद्यार्थ्यास विचारावयास जवळ कोणी नसेल, तर मराठी अर्थानेही ते नाव सार्थच ठरते.

आपल्या देशात सरकारने २०१७ साली ‘स्वयम्’ ही व्यवस्था सुरू केली. तीतील पाठ विनाशुल्क असून प्रमाणपत्राच्या परीक्षेस मात्र शुल्क पडते. अशा पाठांतून मिळणारे श्रेयांक पदवीस धरण्याची मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली २० टक्के ठेविली होती. ती २०२१ साली ४० टक्क्यांवर नेली. आमची शंका येथेच आहे. ज्या महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, तेथे ह्या सवलतीचा उपयोग त्या जागा तशाच ठेवण्याकडे होऊ नये. तसे झाल्यास शहरातील मुलास शिक्षक व खेड्यातील मुलास पडदा, अशी वाटणी होईल.

ह्यावरून दूरचे पाठ टाकाऊ आहेत असे आमचे म्हणणे नाही. बियाणे उत्तम आहे. निगेची सोय मात्र गावोगावी झाली पाहिजे. आमच्या सोसायट्यांनी आपल्या कार्यालयातील एक खोली सायंकाळी मोकळी करावी, जोडणीचा खर्च सोसावा, आणि गावातील एखाद्या पदवीधरास अल्प मानधन देऊन मुलांच्या शंका निवारण्यास बसवावे. कालव्याला पाणी आले, तरी ते शेतात फिरविण्यास बांधावर माणूस लागतोच, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.