फ्लॅप अडकला तर हुबळीचे विमान हुबळीलाच का परतत नाही?

आपल्यापैकी बहुतेकांची मुले-नातवंडे पुण्या-मुंबईत आहेत. पूर्वी रात्रीच्या गाडीने जाणारे आपण आता सर्रास विमानाने जातो. त्यामुळे विमानात बिघाड झाल्याची बातमी आली की मंडळाच्या गटात दिवसभर दुसरा विषय नसतो. १२ जून २०२५ ला अहमदाबादचा अपघात झाला, त्यात २६० जीव गेले, आणि संध्याकाळपर्यंत आपल्याकडेही ‘फ्लॅप लावायचे विसरले’ असा निकाल देऊन झाला होता. महिन्याभराने तपास यंत्रणेचा प्राथमिक अहवाल आला. फ्लॅपचा दांडा पाच अंशांवर, म्हणजे उड्डाणाला हवा तिथेच होता. तो निरोप पुढे पाठवणाऱ्यांत आम्हीही होतो, हे कबूल केलेले बरे.

फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला असणारी हलती फळी. ती खाली आली की पंख मोठा आणि वाकडा होतो, म्हणून कमी वेगातही विमान तरंगते. उड्डाणानंतर वेग वाढला की ती टप्प्याटप्प्याने आत घेतात. नेमकी याच वेळी ती अडकू शकते. एका बाजूची आत गेली आणि दुसरी बाहेर राहिली तर विमान कलंडेल, म्हणून फरक जाणवताच यंत्रणा दोन्ही बाजू आहेत तिथेच कुलूपबंद करते. त्यानंतर वैमानिकाने दांडा कितीही हलवला तरी उपयोग नाही.

मग दोघे वैमानिक काय करतात? एक जण फक्त विमान सांभाळतो. दुसरा बिघाडाची पुस्तिका उघडून एकेक ओळ मोठ्याने वाचतो. फ्लॅप बाहेर असताना वेगाला मर्यादा असते, ती ओलांडायची नाही. बाहेर राहिलेल्या फळीमुळे इंधन भराभर जळते, म्हणून ठरल्या गावी पोहोचण्याचा हिशेबच मोडतो. आणि फ्लॅप आतच अडकला असेल, तर उतरताना वेग नेहमीपेक्षा बराच जास्त ठेवावा लागतो. वेग दीडपट झाला तर ब्रेकांनी जिरवायची ऊर्जा सव्वादोनपट होते. इथे धावपट्टीची लांबी महत्त्वाची ठरते.

आपल्या गोकुळ रोडची धावपट्टी आता सुमारे २,६०० मीटरची आहे, आणि गाव समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरहून उंच. हवा विरळ, म्हणजे जमिनीवरचा वेग आणखी थोडा जास्त. त्यात पाऊस असेल तर विचारूच नका. ८ मार्च २०१५ ला बेंगळुरूहून आलेले स्पाइसजेटचे विमान पावसात इथेच धावपट्टीवरून घसरले होते. फ्लॅपचा त्यात काही संबंध नव्हता, आणि ७८ प्रवासी व चार कर्मचारी सुखरूप उतरले. पण ओल्या धावपट्टीचा धडा आपल्या गावाला तेव्हाच मिळाला. बेंगळुरूला चार हजार मीटरची धावपट्टी आहे. कप्तानाने तिकडे वळायचे ठरवले तर ‘इथून अर्ध्या तासावर घर असताना’ म्हणून चिडण्यात अर्थ नाही.

घिरट्यांचेही तसेच. ११ ऑक्टोबर २०२४ ला तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या बोइंग ७३७ मध्ये हायड्रॉलिक बिघाड झाला. १४१ प्रवाशांना घेऊन ते दोन तासांहून अधिक काळ आकाशात फिरत राहिले. वाहिन्यांवर थरार चालला होता, घरोघरी देव पाण्यात ठेवले होते. खरे कारण साधे होते: या विमानाला इंधन हवेत सोडून देता येत नाही, ते जाळूनच वजन कमी करावे लागते. जमिनीवर अग्निशमन दल, रुग्णवाहिका सज्ज होत्या; वैमानिकांनी मात्र आणीबाणी जाहीर केली नव्हती, असे कंपनीने नंतर सांगितले. विमान नेहमीसारखे चाकांवर उतरले. सहवैमानिक होत्या मैत्रेयी शितोळे. नाव वाचून आपल्याकडे किती जणांची छाती फुगली, ते त्या रात्री गटात दिसलेच.

आमची तक्रार आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. विमान का वळवले, किती वेळ लागेल, हे प्रवाशाला त्याच्या भाषेत कुणी सांगत नाही. हुबळीच्या विमानात मराठी-कन्नड बोलणारी वयस्क मंडळी असतात. इंग्रजीत घाईने केलेली घोषणा त्यांना कळत नाही आणि विमान वळले की ती घाबरतात. मोबाइल लागताच पहिला फोन मुलाला जातो, आणि मुलालाही काही माहीत नसते. दोन वाक्यांची कन्नड आणि मराठी घोषणा आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवायला खर्च तो किती येणार? विमानतळाच्या सल्लागार समितीकडे हे लेखी मांडावे, असे आम्हाला वाटते. पत्राचा मसुदा पुढच्या बैठकीत वाचू. वयस्क सभासदांनी आपले अनुभव आधी कार्यालयात लिहून द्यावेत.