काळ्या दगडाचे बेट आणि कुली घाटाच्या पायऱ्या

आज तुम्हाला जरा लांब न्यायचे आहे. हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या अंगाला मॉरिशस नावाचे बेट आहे. सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. मुंबईहून विमान सहा-एक तासांत तिथे पोचते.

बेटावर उतरलेल्या आपल्याकडच्या माणसाला पहिल्यांदा जाणवतो तो दगड. काळाकभिन्न, थेट आपल्या सातपुड्यासारखा. सारखा असायला कारणही आहे. पृथ्वीच्या पोटात एक तप्त जागा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी तिच्यावर होती, तेव्हा तिथून उसळलेल्या लाव्हाचे थरावर थर बसले आणि तोरणमाळचे कडे ज्या पाषाणाचे आहेत तो पाषाण तयार झाला, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. आपली भूमी हळूहळू उत्तरेकडे सरकली, चूल मात्र जागेवरच राहिली. त्याच चुलीवर फार पुढे, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस समुद्रातून वर आले. तिथला ज्वालामुखी आता थंड आहे. क्युरपीप गावाजवळ त्याचे तोंड आहे, आत झाडी आणि तळाला पाणी. शेजारच्या रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी मात्र अजून धगधगतो.

बेटाचे मुख्य बंदर पोर्ट लुई. ते फ्रेंचांनी १७३५ नंतर उभारले आणि १८१० मध्ये इंग्रजांनी घेतले. शहरात पाहण्यासारखे पुष्कळ आहे, भाजीबाजार तर आपल्या बायाबापड्यांनी बघावाच असा. पण मला सांगायचे आहे ते धक्क्यावरच्या काही दगडी पायऱ्यांबद्दल. जागेचे नाव आप्रवासी घाट. पूर्वी तिला कुली घाट म्हणत.

१८३५ मध्ये तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. आता उसाच्या मळ्यात राबणार कोण? त्याची सोय मळेवाल्यांनी आधीच सुरू केली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन आले. हे पहिले मजूर कोण, तर छोटा नागपूरच्या डोंगरातले आदिवासी. त्यानंतर १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे आली. करार पाच वर्षांचा, मजुरी महिन्याला पाच रुपये आणि शिधा. एक दिवस खाडा पडला तर दोन दिवसांची मजुरी कापीत! जमिनीत धोंडेच धोंडे. ते हातांनी उचलून बांधाला रचायचे, मग ऊस लावायचा. ते ढीग अजून उसाच्या शेतांत उभे आहेत, काही तर घराएवढे. कोणी हौसेने रचले असावेत असे लांबून वाटते.

त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही होती, बरीचशी रत्नागिरीकडची. त्यांचे वंशज आज घरात क्रिओल बोलतात, पण शाळेत मराठी शिकतात, कोकणातल्या जाखडीला ‘झाकरी’ म्हणत नाचतात, आणि गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सरकारी सुट्टी असते. मुंबईला परतण्यापेक्षा बहुतेकांनी तिथेच बस्तान बसवले, पै-पै जोडून जमिनीचे तुकडे घेतले. देश १९६८ मध्ये स्वतंत्र झाला. एकेकाळी बेटावर अडीचशेहून अधिक साखर कारखाने होते, आता मोजकेच उरले आहेत. तेही चिपाडापासून वीज करून विकतात. आपल्या कारखानदारांनी हे जाऊन पाहिले असेलच म्हणा.

आता मुद्द्याची गोष्ट. उतरणाऱ्या प्रत्येक मजुराला क्रमांक मिळे आणि वहीत नाव, बापाचे नाव, गाव, वय टिपले जाई. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. नसला की तुरुंग. हे सारे मजुरांच्या भल्यासाठी नव्हते, त्यांना धरून ठेवण्यासाठी होते. पण त्या वह्या आणि फोटो आज मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेले आहेत, आणि नातू-पणतू तिथे जाऊन आपला पणजोबा शोधतात. २००६ मध्ये युनेस्कोने घाटाला जागतिक वारशाचा मान दिला.

आपल्या धडगाव, अक्कलकुवा, नवापूरकडची किती कुटुंबे दिवाळीनंतर कोयता घेऊन गुजरातच्या उसात जातात! मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगाम संपला की हिशेब. त्या हिशेबाची वही बहुतेक मुकादमाच्याच पिशवीत असते. यंदा निघण्यापूर्वी एक शाळेची वही विकत घ्या. उचल कधी घेतली, किती घेतली, कोणत्या तारखेला किती टन तोडला, खाडे किती, मध्ये खर्चीला किती मिळाले, सगळे रोजच्या रोज त्यात लिहा, आणि पंधरा दिवसांनी मुकादमाची सही घ्या. लिहिता येत नसेल तर गाडीवानाला किंवा शाळेत जाणाऱ्या पोरीला सांगा. मात्र वही आपल्याच गाठोड्यात ठेवा.