जुन्या मोटारींचे दुखणे : निदानाआधीच व्हॉल्व्हची अदलाबदल

यवतमाळ - चौकात वेग कमी केला, की इंजिन बंद पडते. एसी लावताच गाडी थरथरते. कधी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला तरी इंजिन घोंघावतच राहते. जुन्या पेट्रोल मोटारींच्या या तक्रारींचे खापर अनेकदा 'आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह'वर फुटते. तो बदलूनही दोष कायम राहिला, तर भुर्दंड मात्र मालकाला पडतो.

देशभर २००० मध्ये 'इंडिया २०००' आणि २००५ मध्ये 'भारत स्टेज-२' हे प्रदूषणविषयक निकष लागू झाले. याच काळात कार्बोरेटर मागे पडून 'एमपीएफआय' इंजिने रूढ झाली. पूर्वी स्क्रू फिरवून स्लो-स्पीड जुळविता येत असे. आता ते काम संगणकाकडे गेले. पाय काढल्यावर थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते. तेव्हा इंजिनाला लागणारी हवा बाजूच्या मार्गाने किती सोडायची, हे संगणकाच्या आज्ञेनुसार हा व्हॉल्व्ह ठरवितो. नंतर आलेल्या इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये स्वतंत्र व्हॉल्व्ह उरला नाही. म्हणजेच हा प्रश्न मुख्यतः जुन्या गाड्यांचा आहे. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५००० रुपये झाले. अशा गाडीवर चुकीच्या दुरुस्तीचा बोजा परवडणारा नाही.

प्रश्न केवळ पैशाचा नाही. धावत्या गाडीचे इंजिन बंद पडले, की काही वेळा दाबल्यानंतर ब्रेक जड होतो. पॉवर स्टिअरिंगही साथ सोडते. पांढरकवड्याहून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर अवजड वाहनांच्या गर्दीत हा प्रकार जिवावर बेतू शकतो.

निदानाचा क्रम सोपा आहे. प्रथम एअर फिल्टर पाहावा. वणी परिसरातील खाणपट्ट्याच्या धुळीत तो लवकर तुंबतो. त्यानंतर फाटलेले व्हॅक्यूम पाइप आणि थ्रॉटल बॉडीतील काजळी तपासावी. स्कॅनरवर पी ०५०६ हा संकेत आयडलिंग अपेक्षेपेक्षा कमी, तर पी ०५०७ ते जास्त असल्याचे सांगतो. व्हॉल्व्हच निकामी आहे, असे तो सांगत नाही. तापमानाचा सेन्सर चुकीची माहिती देत असला, तरी लक्षणे तीच दिसतात. शेवटी व्हॉल्व्हची वायरिंग आणि कॉइलचा रोध मोजावा. काजळीच असेल तर योग्य क्लीनरने ती निघते. मात्र विजेचा भाग भिजवू नये आणि टोकाची पिन जोराने दाबू नये.

व्हॉल्व्ह खरोखरच निकामी असेल, तर बॅटरीची तार काढून तो बदलावा, गॅस्केट नवे घालावे आणि कंपनीच्या पद्धतीनुसार संगणकाला आयडलिंग पुन्हा 'शिकवावे'. ही शेवटची पायरी वगळल्यास नवा व्हॉल्व्हही सदोष वाटतो आणि पुन्हा खर्च सुरू होतो.

कार्बोरेटरच्या काळात कारागिराचा कान पुरेसा होता. आज त्याच्या जोडीला स्कॅनर आणि मल्टिमीटर हवा. कोणता भाग कोणत्या तपासणीनंतर बदलला, हे विचारण्याची सवय ग्राहकांनी लावून घेतली, तर अंदाजाने होणाऱ्या दुरुस्तीला आपोआप आळा बसेल.